कोल्हापुरात दिवाळखोरीचा वकील कसा शोधावा? पतसंस्था आणि बँक, दोन्हींचे हप्ते थकलेत.

'दिवाळखोरीचा वकील' अशी पाटी शोधू नका, क्वचितच दिसेल. कसबा बावड्यातल्या जिल्हा न्यायालयात वसुलीच्या दाव्यांत कर्जदाराच्या बाजूने उभा राहणारा दिवाणी वकील गाठा. पहिल्याच भेटीत विचारा: 101 च्या दाखल्याची किती प्रकरणं लढवलीत? उत्तर गुळमुळीत आलं तर उठा.

कारण पतसंस्था सहकार कायद्याच्या कलम 101 खाली निबंधकाकडून वसुली दाखला घेते. सुनावणीची नोटीस आली की तिथेच हजर राहून व्याजाचा हिशेब खोडायचा. लोक तारीख बुडवतात आणि मग फसतात, कारण दाखल्यावर पुनरीक्षण करायचं तर 50 टक्के रक्कम आधी भरावी लागते.

बँकेकडे घर तारण असेल तर सरफेसीची (तारण जप्त करून वसुली करण्याचा कायदा) 60 दिवसांची नोटीस येते. लेखी हरकत घ्या, बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. पुढे ताबा घेण्याची कारवाई झाली की 45 दिवसांत डीआरटीत (कर्जवसुली न्यायाधिकरणात) जाता येतं.

नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचा, अर्ज 1920 च्या प्रांतिक नादारी कायद्याखाली होतो खरा, पण तारण ठेवलेलं घर त्याने वाचत नाही. म्हणून आधी लोकअदालतीत तडजोड बघा. ठरलेला आकडा लेखी आणि पैसे भरल्यावर 'येणे बाकी नाही' दाखला, हे दोन कागद हवेतच. सिबिलवर मात्र 'सेटल्ड' शेरा पडतो, पुढचं कर्ज अवघड होतं.

फी परवडत नसेल तर त्याच आवारातलं विधी सेवा प्राधिकरण गाठा. महिलांना उत्पन्नाची अट नाही.