कॅनेलो की क्रॉफर्ड? सात फेऱ्यांचा हिशेब

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : सप्टेंबर २०२५

येत्या १३ सप्टेंबर रोजी अमेरिकेतील लास वेगासच्या अलिजियंट स्टेडियममध्ये मेक्सिकोचा साऊल ‘कॅनेलो’ अल्वारेझ आणि अमेरिकेचा टेरेन्स क्रॉफर्ड यांच्यात १६८ पौंड, म्हणजे सुमारे ७६ किलो वजनगटाच्या जगज्जेतेपदाची लढत होत आहे. या गटातील डब्ल्यूबीसी, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीओ आणि आयबीएफ या चारही संघटनांचे पट्टे सध्या कॅनेलोकडे आहेत. कुस्तीच्या गावातून मुष्टियुद्धावर इतकी पत्रे यावीत याचे आम्हांला अप्रूप वाटले. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहोत.

प्रश्न : आमच्या तालमीसमोरच्या कट्ट्यावर सध्या हाच विषय आहे. जुने पैलवान म्हणतात, कॅनेलो अंगाने थोराड आहे, सहाव्या-सातव्या फेरीत तो क्रॉफर्डला आडवा करणार. हा अंदाज कितपत धरावा? (एक वाचक, मंगळवार पेठ, कोल्हापूर)

उत्तर : कट्ट्यावरच्या ज्येष्ठांचा मान राखूनही हा अंदाज आम्हांला पटत नाही. कॅनेलोच्या नावावर ६३ विजय, २ पराभव आणि २ बरोबरीच्या लढती आहेत, आणि त्या विजयांपैकी ३९ नॉकआउटने मिळालेले आहेत. हा आकडा ऐकला की समोरचा आडवा होणार असे वाटणे साहजिक आहे. परंतु कॅनेलोने शेवटचा प्रतिस्पर्धी मुदतीपूर्वी संपवला तो नोव्हेंबर २०२१ मध्ये, केलेब प्लांटविरुद्ध, आणि तोही अकराव्या फेरीत. त्यानंतर तो सहा वेळा जिंकला आहे आणि सहाही वेळा त्याला पूर्ण बारा फेऱ्या खेळून गुणांवर निकाल घ्यावा लागला आहे. दुसऱ्या बाजूला क्रॉफर्ड ४१ लढतींत अपराजित असून अधिकृत नोंदीनुसार तो एकदाही खाली पडलेला नाही. कॅनेलोही आजवर अधिकृतरीत्या कधी पडलेला नाही. असे दोन गडी समोरासमोर उभे असताना सहाव्या फेरीचे भाकीत करणे म्हणजे ढग न पाहता छत्री उघडण्यासारखे आहे.

कोल्हापूरच्या प्रेक्षकाची मूळ अडचण वेगळीच आहे, असे आम्हांला वाटते. राजर्षी शाहू महाराजांनी बांधून घेतलेल्या खासबाग मैदानात आपण पिढ्यान्‌पिढ्या निकाली कुस्ती पाहत आलो आहोत. तिथे पाठ मातीला लागली की ती वस्तादाला, हलगीवाल्याला आणि शेवटच्या पायरीवर बसलेल्या पोराला एकाच क्षणी दिसते. त्यामुळे ‘कोण कुणाला पाडेल’ हाच प्रश्न आपल्या तोंडी आधी येतो. जगज्जेतेपदाच्या मुष्टियुद्धात मात्र दोन्ही गडी तोलामोलाचे असतील तर खरा प्रश्न ‘बारांपैकी सात फेऱ्या कोण घेईल’ हा असतो. तेव्हा आपल्या कट्ट्यावर जो कुणी कॅनेलोचे नाव घेईल त्याला त्या सात फेऱ्या बोटांवर मोजून दाखवायला सांगावे. पुष्कळांची बोटे चौथ्या फेरीनंतर थांबतील.

ती का थांबतील याचे एक ताजे उदाहरण आहे. यंदाच्या मे महिन्यात रियाधमध्ये कॅनेलो क्यूबाच्या विल्यम स्कलविरुद्ध उतरला. स्कल सारखा सरकत राहिला आणि कॅनेलो त्याच्यामागे चालत राहिला. बारा फेऱ्यांत कॅनेलोने एकूण १५२ ठोसे टाकले, म्हणजे तीन मिनिटांच्या एका फेरीत सरासरी तेराहून कमी. दोघांचे मिळून ४४५ ठोसे झाले, आणि ठोसे मोजणाऱ्या कॉम्प्युबॉक्सच्या नोंदीत बारा फेऱ्यांच्या लढतीसाठी ही सर्वांत कमी संख्या ठरली. लढत त्याने जिंकली, चौथा पट्टा परत मिळवला, हे खरे. पण सरकणाऱ्या गड्यासमोर त्याचे हात बांधले जातात हे सगळ्या जगाने पाहिले, आणि क्रॉफर्ड सरकतो तसाच उभा राहून मारतोही.

प्रश्न : क्रॉफर्ड दोन वजनगट ओलांडून वर येत आहे. आमच्याकडे गाद्यांवर ७४ किलोचा मल्ल ८६ किलोत उतरला तर आम्ही त्याला धाडसी म्हणतो, शहाणा म्हणत नाही. मुष्टियुद्धात वजनाचे महत्त्व कमी असते का? (एक कुस्ती मार्गदर्शक, कागल तालुका)

उत्तर : अजिबात कमी नसते, आणि आमच्या मते या लढतीतला सर्वांत खरा प्रश्न आपणच विचारला आहे. क्रॉफर्डची मागची लढत १५४ पौंडांच्या गटात झाली. तेथून १६८ पर्यंतचे अंतर १४ पौंडांचे, म्हणजे सव्वासहा किलोंहून थोडे अधिक आहे, आणि मधला १६० पौंडांचा गट तो सरळ ओलांडत आहे. शिवाय वजन लढतीच्या आदल्या दिवशी होत असल्यामुळे रिंगमध्ये प्रत्यक्षात कोण किती किलोंचा उभा असेल हे तराजूवरून कळत नाही.

मागचे दाखले क्रॉफर्डच्या विरुद्ध जाणारे अधिक आहेत. २०१६ मध्ये वेल्टरवेटचा, म्हणजे १४७ पौंडांच्या गटातला, केल ब्रूक दोन गट वर चढून गेनादी गोलोव्किनसमोर उभा राहिला. पहिल्या काही फेऱ्या त्याने सुरेख काढल्या. परंतु त्याच्या डोळ्याच्या खोबणीचे हाड मोडले आणि पाचव्या फेरीत त्याच्याच कोपऱ्यातून टॉवेल आत आला, म्हणजे त्याच्याच माणसांनी हार मान्य केली. त्याच वर्षी आमिर खान कॅनेलोविरुद्ध असाच वर आला आणि सहाव्या फेरीत एका उजव्या ठोशाने निश्चल झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये जर्मेल चार्लो थेट १५४ वरून १६८ वर, म्हणजे नेमका क्रॉफर्डच्याच वाटेने, कॅनेलोसमोर आला. सातव्या फेरीत त्याने गुडघा टेकला आणि उरलेला वेळ केवळ उभे राहण्यात घालवला. ती लढत पाहिलेल्यांना चार्लो जिंकायला आला होता की बारा फेऱ्या पुऱ्या करायला, असा प्रश्न पडला होता.

तरीही वजनाचा उपयोग नेमका कशात होतो हे पाहावे लागेल. जड माणसाचा ठोसा जोरात बसतो, एवढेच त्यात नाही. कॅनेलो प्रतिस्पर्ध्याच्या दंडावर, खांद्यावर आणि बरगड्यांवर मुद्दाम मारतो. मारलेला ठोसा अडवला गेला तरी अडवणारा हात हळूहळू निकामी व्हावा, हा त्यामागचा हिशेब असतो. कॅनेलोसारख्या गड्याशी गळामिठी पडली की हलक्या माणसाच्या पायांतली ताकद त्याला पेलण्यातच खर्च होते, आणि नवव्या फेरीनंतर ते पाय जागच्या जागी थबकू लागतात. चार्लोचे हेच झाले. क्रॉफर्डचे तसे व्हायचे असेल तर कॅनेलोला आधी त्याच्याजवळ पोहोचावे लागेल.

आणखी एक गोष्ट कुस्तीच्याच अंगणातली. खाशाबा जाधव १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्लायवेट गटात सहावे आले आणि १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक मिळवले ते वरच्या बॅंटमवेट गटात. वजन वाढणे आणि वजन वाढवणे यांत फरक असतो. क्रॉफर्डने २०१४ मध्ये ग्लासगोला रिकी बर्न्सकडून पहिला जागतिक पट्टा घेतला तो १३५ पौंडांत. मग १४०, १४७, १५४ अशा पायऱ्या त्याने साधारण दहा वर्षांत चढल्या. ब्रूक आणि खान यांना असा अवधी मिळाला नव्हता. मात्र शेवटची उडी पायरी सोडून आहे, आणि त्याचे वय ३७ आहे, हेही मान्य केलेच पाहिजे.

प्रश्न : क्रॉफर्ड डावखुरा आहे म्हणून कॅनेलोला जड जाईल, असे माझा भाऊ सांगतो. डाव्या हाताचा एवढा बाऊ कशासाठी? (एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी, कसबा बावडा)

उत्तर : क्रॉफर्ड मूळचा उजव्या हाताचाच आहे, तो डावखुऱ्याच्या पवित्र्यात उभा राहतो, आणि मनात आले की लढत चालू असतानाच पवित्रा बदलतो. डावखुऱ्या पवित्र्यात त्याचा उजवा पाय आणि उजवा हात पुढे येतो, म्हणजे त्याचा जॅब, अर्थात पुढच्या हाताचा सरळ ठोसा, त्याच्या अधिक ताकदीच्या हाताने पडतो. समोर कॅनेलोचा डावा पाय पुढे असतो. अशा वेळी दोघांचे पुढचे पाय जवळजवळ एका रेषेत येतात आणि ज्याचे पाऊल बाहेरच्या अंगाला पडेल त्याच्या मागच्या हाताला समोरच्याच्या हनुवटीपर्यंत सरळ रस्ता मिळतो. टीव्हीवर लढत पाहताना चेहऱ्यांकडे न पाहता थोडा वेळ केवळ पायांकडे पाहावे, म्हणजे फेरी कुणाकडे झुकते आहे ते ठोसा पडण्याआधी कळू लागते. क्रॉफर्डच्या हातांचा पल्ला ७४ इंच, तर कॅनेलोचा साडेसत्तर इंच आहे, हीसुद्धा लहान गोष्ट नव्हे.

कॅनेलो डावखुऱ्यांना घाबरतो असे मात्र नाही. ऑस्टिन ट्राउटला त्याने गुणांवर हरवले, बिली जो सॉन्डर्सला २०२१ मध्ये आठ फेऱ्यांनंतर माघार घ्यायला लावली. एरिसलँडी लारा या चपळ क्यूबनविरुद्ध २०१४ मध्ये मात्र त्याला विभागलेल्या निर्णयावर, म्हणजे तीनपैकी दोनच पंचांच्या कौलावर, समाधान मानावे लागले. आपल्या भावाने लाराचे उदाहरण दिले असेल तर त्याचा अभ्यास पक्का आहे.

प्रश्न : गुण कसे देतात? घरात मुलांबरोबर पाहताना प्रत्येक वेळी निकालावर वाद होतो. (एक गृहिणी, राजारामपुरी)

उत्तर : रिंगच्या तीन बाजूंना तीन पंच बसतात आणि प्रत्येक फेरी स्वतंत्रपणे मोजतात. फेरी जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला बहुधा ९, आणि हरणारा एकदा पडला असेल तर साधारणपणे ८ गुण मिळतात. कुणीच पडले नाही आणि एकाने सात, दुसऱ्याने पाच फेऱ्या घेतल्या, तर बेरीज ११५–११३ होते. तीनपैकी दोन पंचांचा कौल ज्याच्या बाजूने, तो विजेता.

वादाचे कारण असे, की स्वच्छ बसलेले ठोसे, परिणामकारक आक्रमण, बचाव आणि रिंगवरचा ताबा या निकषांपैकी कुणाला कशाचे वजन अधिक वाटेल हे पंचागणिक बदलते. १९८७ मध्ये शुगर रे लेनर्ड जवळजवळ तीन वर्षे रिंगबाहेर राहून मार्विन हॅगलरसमोर आला. हॅगलर सतत पुढे येत होता. लेनर्ड सरकत राहिला आणि अनेक फेऱ्यांच्या शेवटच्या अर्ध्या मिनिटात ठोशांची सरबत्ती करून घंटा वाजेपर्यंत पंचांचे डोळे स्वतःकडे खेचत राहिला. एका पंचाने लेनर्डला ११८–११०, दुसऱ्याने ११५–११३ दिले, तर तिसऱ्याने हॅगलरला ११५–११३ दिले. त्या निकालावरचा वाद अद्याप मिटलेला नाही. कॅनेलो आणि गोलोव्किन यांची २०१७ ची पहिली लढत लास वेगासमध्येच बरोबरीत सुटली. तिथेही एका पंचाने कॅनेलोला ११८–११० दिले होते, तर दुसऱ्याने गोलोव्किनला विजयी ठरवले होते. या शहरात मेक्सिकोच्या स्वातंत्र्यदिनाच्या आठवड्यात कॅनेलोचा प्रत्येक ठोसा, मग तो हातमोज्यावर का बसेना, हजारो कंठांतून गर्जना उठवतो. पंचही माणसेच असतात, म्हणून अंदाज बांधणाऱ्याने ही गर्जना हिशेबात धरावी.

आपल्या घरातला वाद कमी करायचा असेल तर प्रत्येकाने वही घेऊन बसावे, टीव्हीचा आवाज बंद ठेवावा आणि फेरी संपताच, दुसऱ्याला न विचारता, गुण लिहावेत.

प्रश्न : पैज लावावी का, आणि कोणावर? (एक वाचक, इचलकरंजी)

उत्तर : पैशांची लावू नये. ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने गेल्याच महिन्यात केला आहे, आणि जुगारबंदीचा मुंबई प्रांताचा कायदा तर १८८७ चा आहे. हरणाऱ्याने मिसळ द्यावी, एवढ्यावर कुणाची हरकत नसावी.

प्रश्न : तुम्ही दोन्ही बाजू मांडता, पण आम्हांला नाव हवे आहे. कोण जिंकणार? (तीन मित्र, रंकाळा परिसर)

उत्तर : क्रॉफर्ड, गुणांवर, विभागलेल्या निर्णयाने. दोन पंच ११५–११३ असे त्याच्या बाजूने देतील आणि एक पंच कॅनेलोकडे जाईल, असा आमचा अंदाज आहे. परदेशातील सट्टेबाजांच्या भावात कॅनेलो किंचित पुढे आहे, याची कल्पना असूनही आम्ही हे लिहीत आहोत.

आमचा हिशेब असा आहे. क्रॉफर्ड सुरुवात संथ करतो. पहिल्या दोन-तीन फेऱ्या तो समोरच्याला वाचण्यात घालवतो. तेव्हा पहिल्या चारांपैकी तीन फेऱ्या कॅनेलोच्या धराव्यात. पाचवीपासून दहावीपर्यंतच्या सहा फेऱ्यांत क्रॉफर्डचा जॅब आणि डावा सरळ ठोसा यांची गाठ बसेल आणि त्यांतल्या पाच तो घेईल. एरॉल स्पेन्सला २०२३ मध्ये तीनदा पाडून नवव्या फेरीत थांबवताना त्याने हेच, याहून पुष्कळ लवकर, केले होते. शेवटच्या दोन एकेक. बेरीज सात–पाच होते. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये इस्राइल मद्रिमोव्हविरुद्ध तो असाच थोडक्यात जिंकला होता, आणि त्यानंतर वर्षभराहून अधिक काळ तो लढलेला नाही. म्हणून याहून मोठा फरक आम्ही देत नाही.

लढत आपल्याकडे रविवारी, १४ तारखेला सकाळी नेटफ्लिक्सवर दिसेल, कारण लास वेगासचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागे आहे. तिसऱ्या फेरीच्या घंटेपर्यंत कॅनेलो प्रत्येक फेरीत तीसच्या आसपास ठोसे टाकत असेल आणि त्यांतले निम्मे क्रॉफर्डच्या बरगड्यांवर किंवा दंडावर बसत असतील, तर आमचा अंदाज बाजूला ठेवून मंगळवार पेठेतल्या पैलवानांचा धरावा. तो स्कलविरुद्ध चालला तसाच नुसता मागे चालत असेल, तर मिसळ कुठल्या हॉटेलात खायची ते पाचव्या फेरीतच ठरवायला हरकत नाही.