पॉलिसिलेनची फिल्म मोजणार असशील तर

प्रोजेक्टला पॉलिसिलेन, म्हणजे सिलिकॉन अणूंच्या लांब साखळीचा पॉलिमर, घेतलंस, बरं केलंस. साध्या सिलिकोनमध्ये सिलिकॉन आणि ऑक्सिजन आलटून पालटून बसतात, म्हणून साखळी पारदर्शकच. फार तर साखळीच्या बाजूला असलेल्या मिथिल गटांच्या जागी फिनाइल गट घालून अपवर्तनांक 1.40 च्या वर चढवायचा. पॉलिसिलेनचं तसं नाही. तिथं सिलिकॉनला सिलिकॉनच जोडलेला, त्यामुळं सिग्मा बंधांतले (अणूंना थेट जोडणाऱ्या एकेरी बंधांतले) इलेक्ट्रॉन साखळीभर पसरतात आणि अतिनील प्रकाश शोषला जातो.

किती आणि कुठल्या तरंगलांबीला, हे साखळीच्या ठेवणीवर. पॉलि-डायहेक्झिलसिलेनचं द्रावण साधारण 317 नॅनोमीटरला शोषतं. फिल्ममध्ये, म्हणजे पातळ घन थरात, मात्र बाजूच्या हेक्झिल शाखा नीट रचल्या जातात, कणा ताठ होतो आणि शोषणाचं शिखर 374 ला जातं. 42 अंशांच्या आसपास ही रचना विस्कटली की गाडी परत 317 कडं. आता बघ, परभणी-नांदेडला मे महिन्यात वीज गेली की खोलीच तेवढी तापते! म्हणून फिल्मचं तापमान नोंदवल्याशिवाय स्पेक्ट्रम (तरंगलांबीनुसार शोषणाचा आलेख) घेऊच नकोस.

नमुना फॉइलमध्ये गुंडाळ, खिडकीत तर मुळीच नको. अतिनील प्रकाशानं सिलिकॉन-सिलिकॉन बंध तुटतात. सरांना दाखवण्याआधी पुन्हा एक स्कॅन घे; शिखर बुटकं होऊन कमी तरंगलांबीकडं सरकलेलं दिसलं तर नमुना गेला समज, नवी फिल्म काढ.