वाचक विचारतात : निजायच्या खोलीतली अडगळ

प्रश्न : डोंबिवलीतील आमच्या घराची निजायची खोली १० बाय १० फुटांची आहे. तीत डबलबेड, कपाट आणि खिडकीपाशी एक खुर्ची एवढेच सामान आहे. पण त्या खुर्चीवर बसायला कधीच मिळत नाही, कारण तिच्यावर कायम कपड्यांचा ढीग असतो. दर रविवारी मी सगळे आवरते आणि बुधवारपर्यंत खोली पुन्हा होती तशी होते. आम्ही दोघेही सकाळी साडेसातला नोकरीसाठी घर सोडतो. माझ्या आवरण्यात नेमके काय चुकते?

उत्तर : आवरण्यात काही चुकत नाही. चुकला आहे तो खोलीचा हिशोब, आणि तो एकदा मांडून पाहण्यासारखा आहे. १०० चौरस फुटांच्या खोलीत ५ बाय साडेसहा फुटांचा पलंग सुमारे ३३ चौरस फूट जागा घेतो, आणि ६ फूट रुंद व २ फूट खोल असे कपाट आणखी १२. उरलेल्या ५५ चौरस फुटांत कपाटाची दारे उघडायची असतात, खोलीचे दार फिरायचे असते, आणि पलंगाच्या कडेने माणसाला चालायचे असते. म्हणजे सामान ठेवण्यासाठी मोकळी अशी जागा या खोलीत जवळजवळ नाहीच, आणि जी थोडी होती ती खुर्चीने घेतली आहे.

पूर्वीच्या घरांत निजायची अशी वेगळी खोली क्वचितच असे. रात्री अंथरुणे पसरायची, सकाळी त्यांची वळकटी करून कोपऱ्यात लावायची, आणि तीच खोली दिवसभर इतर कामांना मोकळी व्हायची. तेव्हाची माणसे आपल्यापेक्षा टापटिपीची होती असे मला वाटत नाही; त्यांच्याकडे कपडे कमी होते, आणि भिंतीला खुंट्या व खोलीत एक वळणी होती, हा फरक महत्त्वाचा. आपण पलंग कायमचा मांडला, कपाट आणले आणि भिंतीचा रंग खराब होतो म्हणून खुंट्या काढून टाकल्या. त्यामुळे एकदाच घातलेली जीन्स किंवा ऑफिसहून आल्यावर उतरवलेला कुर्ता यांची पंचाईत झाली. धुतलेल्या कपड्यांत ते ठेववत नाहीत आणि धुण्याच्या बादलीत टाकावेत इतके ते मळलेलेही नसतात. या मधल्या कपड्यांना घरात जागाच नाही, म्हणून ते खुर्चीवर जातात.

तेव्हा खुर्ची बाहेरच्या खोलीत न्यावी आणि दाराच्या मागे किंवा कपाटाच्या बाजूच्या भिंतीवर प्रत्येकी चार खुंट्या ठोकाव्यात. एका खुंटीवर एकच कपडा टांगायचा आणि पाचवा आला की आधीच्या चारांतला एक त्याच दिवशी धुण्यात टाकायचा, एवढी अट मात्र दोघांनीही पाळायला हवी. ढिगाला दुसरी भर पडते ती गॅलरीतून काढून आणलेल्या वाळलेल्या कपड्यांची. त्यांच्या घड्या दोरीवरून काढता काढता, उभ्याउभ्याच घालाव्यात. एकदा का ते पलंगावर टाकले की झोपायच्या वेळी ते उचलून दुसरीकडे ठेवावे लागतात.

पलंगाखालच्या बॉक्सविषयी आपण काही लिहिलेले नाही, परंतु डबलबेड म्हणजे बहुधा बॉक्स असणारच आणि तो भरलेलाही असणार. गादी उचलून फळी काढावी लागत असल्यामुळे या जागेत वर्षातून दोनतीनदाच लागणाऱ्या वस्तू ठेवाव्यात : पाहुण्यांच्या गाद्या, रजया, प्रवासाच्या बॅगा. बॉक्स उघडण्यापूर्वी आत काय आहे याची यादी आठवेल तशी लिहून काढा आणि मग तो उघडा. यादीत न आलेल्या वस्तूंपैकी निम्म्या तरी केवळ ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून राहिलेल्या असतात, असा माझा अनुभव आहे. धडके कपडे बोहारणीला द्यावेत. ती विरलेले, डागाळलेले घेत नाही आणि साडीचे काठ नीट पारखून घेते, म्हणून तिच्या नजरेने आधी आपणच निवड करावी. विरलेल्या सुती कपड्यांची फडकी किंवा गोधडी होते.

एक सूचना आग्रहाने करते. आवरायला घेण्याआधी बाजारातून प्लास्टिकचे डबे आणि टोपल्या आणू नयेत. त्यांनी अडगळ कमी होत नाही, ती फक्त ओळीने मांडली जाते, आणि रिकामे डबे स्वतःच जागा अडवतात.

प्रश्न : मी चिपळूणला राहते. मुलगी डिसेंबरात बाळंतपणासाठी येणार आहे आणि तिला जी खोली द्यायची तीत सासूबाईंच्या दोन ट्रंका आणि साड्यांनी भरलेले लोखंडी कपाट आहे. दर पावसाळ्यात कपड्यांना बुरशी येते, म्हणून मी सगळीकडे डांबराच्या गोळ्या ठेवते. आता त्या वासासकट खोली कशी तयार करावी?

उत्तर : गोळ्या आजच काढून टाका, बाकीचे सावकाश केले तरी चालेल. या गोळ्यांत अनेकदा नॅप्थलिन असते आणि त्याची वाफ कपड्यांत मुरून राहते. जी-सिक्स-पी-डी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी त्या वाफेमुळे फुटू शकतात आणि त्याला तीव्र कावीळ होऊ शकते. अशी कमतरता आहे की नाही हे जन्मतः बाळाकडे पाहून कळत नाही, म्हणून या कपाटातली दुपटी किंवा गोधड्या बाळासाठी मुळीच वापरू नयेत. त्याचे कपडे जिथे गोळ्या कधीच ठेवल्या नव्हत्या अशा जागी असावेत. गोळ्यांऐवजी कापूर ठेवावा असे कुणी सुचवील, पण तोही पोटात गेल्यास मुलांना घातक असतो.

शक्य असेल तर ट्रंका आणि कपाट दोन्ही त्या खोलीतून हलवाच. कपाट हलवणे जमणार नसेल, तर ते रिकामे करून दारे उघडी ठेवून आठवडाभर हवा खेळू द्यावी आणि बाहेरच्या भिंतीपासून तीनचार इंच पुढे ओढावे. कोकणच्या पावसाळ्यात भिंतीला टेकलेल्या लोखंडी पाठीवर ओल धरते आणि बुरशीची सुरुवात बहुधा तिथूनच होते. आतल्या साड्यांना आपण उगीच दोष देत असतो. आलेली बुरशी घरात झटकू नये. नाकाला फडके बांधून अंगणात, कोरड्या ब्रशने झाडावी, आणि हे काम गरोदर मुलीने करू नये.

साड्यांपैकी सुती साड्या धुऊन चांगल्या उन्हात वाळवाव्यात, रेशमी मात्र सावलीतच वाऱ्यावर टाकाव्यात, कारण कडक उन्हाने रेशमाचा रंग उडतो. जरीच्या साड्या प्लास्टिकच्या पिशव्यांत असतील तर त्या काढून धुतलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा. प्लास्टिकमध्ये दमटपणा कोंडतो, आणि खऱ्या जरीतली चांदी हवेतल्या गंधकाने काळवंडते. दर तीनचार महिन्यांनी घडी मोडून दुसऱ्या ठिकाणी घालावी, नाहीतर त्याच रेषेवर रेशीम चिरते. सासूबाईंच्या सगळ्याच साड्या ठेवायच्या का, हा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण तो पत्रात दिसतो. मुलीला आणि घरातल्या इतर बायकांना प्रत्येकी एक निवडू द्यावी, आपण तीनचार ठेवाव्यात, आणि मऊ झालेल्या सुती लुगड्यांची मोठ्या माणसांसाठी गोधडी शिवून घ्यावी. ट्रंकेत बुरशी खात पडलेल्या साडीने कुणाची आठवण अधिक जपली जाते असे नाही.

प्रश्न : पुण्यात कॉट बेसिसवर एका खोलीत आम्ही तिघे राहतो. प्रत्येकाला एक कॉट आणि भिंतीतला एक कप्पा. पुस्तके, बॅगा, चपला सगळे कॉटखाली जाते. आवरायचे तरी कुठे?

उत्तर : कॉटखालीच, परंतु जमिनीवर नव्हे. घरमालकाची हरकत नसेल तर कॉटच्या चारही पायांखाली लाकडी ठोकळे घालून ती चारपाच इंच उंच करा, आणि खाली झाकण असलेल्या फक्त दोन पेट्या ठेवा : एक पुस्तकांची, एक कपड्यांची. त्यांत न मावणारे सामान पुढच्या सुटीत गावी न्यावे. चपला दाराबाहेर, ओला टॉवेल खिडकीच्या गजांना. कॉटखाली कपडे आणि कागद साठू न देण्याचे आणखी एक कारण म्हणजे ढेकूण. अशा गर्दीत ते लपतात आणि लवकर सापडत नाहीत. महिन्यातून एकदा गादीची शिवण आणि कॉटचे सांधे टॉर्च लावून पाहा. बारीक काळपट ठिपके दिसले तर तिघांनी मिळून त्याच दिवशी घरमालकाला सांगा, कारण तिनांपैकी एकाच कॉटवर औषध मारून ढेकूण जात नाहीत.