बालवाचनालयात चार-चार बोलींची मुलं येतात. देणगीच्या पैशातून त्यांच्यासाठी टॅब घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की हातात साठ हजारांची देणगी आहे, मुलांच्या घरच्या भाषा वेगवेगळ्या आहेत, समितीला टॅब हवेत आणि तुमचं मन होत नाहीये. तुमचं मन बरोबर सांगतंय. निदान पहिल्या वर्षी तरी टॅब घेऊ नका. शाईच्या टाकीचा एक प्रिंटर, भिंतीवर चित्र पाडणारा साधा प्रोजेक्टर आणि मोबाईलला लावायचा बरा माईक घ्या. पैसे उरतील, ते कागद-शाईला ठेवा. हे ठामपणे सांगते, कारण चार टॅब आमच्याच कपाटात पडून आहेत.

मी परतवाड्याला एका ग्रंथालयाचा बालविभाग सांभाळते. सरकारी दर्जाने 'क' वर्ग, म्हणजे अनुदान किती आणि पगार किती हे या धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. आमच्या मागे सातपुडा. घाट चढून गेलं की चिखलदरा, धारणी, म्हणजे मेळघाट. शेजारी अचलपूर, तिथल्या मोहल्ल्यांमध्ये घरोघरी उर्दू. त्यामुळे संध्याकाळी साडेचारला माझ्या सतरंजीवर वऱ्हाडी बोलणारी, उर्दू बोलणारी, बंजारा तांड्यावरची गोरमाटी बोलणारी आणि वसतिगृहातल्या कोरकू मुली अशी सगळी एकत्र बसतात. कोरकू ही मराठीची बोली नव्हे, हे आधी डोक्यात पक्कं करा. ती मुंडा कुळातली भाषा, संथाली-मुंडारीच्या नात्यातली. मराठीशी तिचं रक्ताचं नातं नाही, शेजार आहे एवढंच.

टॅबचं काय झालं ते आधी सांगते. एका सद्गृहस्थांनी चार दिले. पहिल्याच आठवड्यात मोठ्या मुलांनी ते ताब्यात घेतले, गाड्यांचे खेळ सुरू झाले आणि वसतिगृहातल्या मुली मागे उभ्या राहून त्यांच्या खांद्यावरून बघायला लागल्या. मी खेळ काढून टाकले तर टॅबकडे कुणी फिरकेना. मग चार्जर हरवले, एकाची बॅटरी फुगली. पण खरी गोची वेगळीच होती. त्या टॅबवर सगळं होतं, फक्त कोरकू नव्हतं. ज्या मुलांसाठी म्हणून आणले, त्यांच्या भाषेतलं एकही वाक्य त्यावर नव्हतं. रंगनाथनांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले, त्यातला दुसरा सांगतो की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. पण ते पुस्तक मुळात छापलंच गेलं नसेल तर? डिजिटलचा उपयोग तिथे आहे. पोराच्या हातात पडदा देणं आणि बाजार जे पुस्तक कधीच छापणार नाही ते आपण तयार करणं, या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत.

आमची सुरुवात अपघाताने झाली. पावसाळ्यात एकदा उधार आणलेला प्रोजेक्टर लावून भिंतीवर एक चित्रपुस्तक दाखवत होते. पानावर वाघ आला. मी म्हटलं, "हा कोण?" सगळे ओरडले, "वाघ!" आणि मागून अगदी हळू आवाज आला, "कुला." तोवर त्या मुलीचा आवाज मी ऐकलाच नव्हता. चौथीतली, दोन महिने रोज यायची, पुस्तक उघडून बसायची आणि तेच पान मिटून जायची. मी तिला म्हटलं, पुन्हा सांग, सगळ्यांना ऐकू दे. त्या दिवशी पुढची सगळी पानं आम्ही दोनदा वाचली, एकदा माझ्या भाषेत आणि एकदा त्यांच्या.

ते पुस्तक प्रथम बुक्स या प्रकाशन संस्थेच्या स्टोरीवीव्हर या मोफत संकेतस्थळावरचं होतं. तुम्हाला माहीत असेल तर हा परिच्छेद सोडा. 8 सप्टेंबर 2015 ला, साक्षरता दिनी, ते सुरू झालं. आज तिथे तीनशेहून जास्त भाषांमधली चित्रपुस्तकं आहेत, त्यात मराठी, उर्दू, गोंडी, कोरकूही आहेत. सगळी खुल्या परवान्याची, म्हणजे उतरवून घ्या, छापा, वाटा, भाषांतर करा, कुणाची परवानगी नको. अट एकच, लेखक, चित्रकार, प्रकाशक यांची नावं पुस्तकावर राहिली पाहिजेत. खातं उघडून 'भाषांतर करा' म्हटलं की चित्रं तशीच राहतात, खालचा मजकूर तुम्ही आपल्या भाषेत टाकायचा. पीडीएफ उतरवून ठेवली की नंतर नेट लागत नाही. आमच्याकडे हे फार मोलाचं, कारण घाट चढला की मोबाईलची रेघ जाते.

तर आम्ही भाषांतर करायला बसलो. वसतिगृहात स्वयंपाक करणाऱ्या एक कोरकू मावशी, तीन मुली आणि टंकायला मी. मला वाटलं होतं, मी मराठी वाक्य वाचणार, त्या कोरकूत सांगणार, मी लिहिणार, तासाभरात सोळा पानं. पहिल्याच बैठकीत तिसऱ्या पानावर गाडी अडली. चित्रात दोन वाघ होते. मी आधीच्या पानावरून शिकून शहाणपणाने 'कुलाकू' लिहिलं, कारण कोरकूत 'कू' लावलं की अनेकवचन होतं. खुद्द कोरकू हे नावही तसंच झालंय, 'कोरो' म्हणजे माणूस आणि 'कू' लागून माणसं. मुली म्हणाल्या, नाही, किंग. मला कळेना, राजा कुठून आला मध्येच? त्या चित्रावर बोट ठेवून सांगत होत्या, हा एक, हा दोन, म्हणून 'कुलाकिंग'. दोघं असतील तर वेगळा प्रत्यय, दोनाच्या वर गेले की 'कू'. द्विवचन! आठवीत संस्कृतच्या तासाला 'देवः देवौ देवाः' घोकताना आपण ज्याच्या नावाने बोटं मोडली, ते या पोरी जेवताना सहज वापरतात. दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तिन्ही रूपं लिहिली आणि वऱ्हाडी, उर्दूवाल्या सगळ्या पोरांना त्या चौथीतल्या मुलीकडून म्हणवून घेतली. वाचनालयात ती 'शिकवणारी' झाली ती तेव्हापासून. एका पुस्तकाला आम्हाला सव्वा महिना लागला. लागू दे.

मधल्या काळात कुणीतरी सुचवलं म्हणून भाषांतर करणाऱ्या मशीनलाही विचारून पाहिलं. मोठ्या आत्मविश्वासाने त्याने जे कोरकू वाक्य दिलं, ते वाचून मावशी पोट धरून हसल्या. मोठ्या भाषांसाठी ठीक असेल, पण ज्या भाषेचं जाळ्यावर फारसं काही नाही तिचं मशीनलाही काही माहीत नसतं, आणि माहीत नाही असं ते म्हणत मात्र नाही.

तुमच्याकडे उर्दू मुलं असतील तर दोन गोष्टी माझ्या चुकीतून शिका. पहिली अक्षराची. मोबाईल-संगणकावर उर्दू बहुतेक वेळा नस्ख वळणात उमटते, सरळ रेषेत, अरबीसारखी. मुलं मात्र शाळेत नस्तालिक वाचतात, उजवीकडून डावीकडे तिरपं उतरत जाणारं. मी छापलेलं पहिलं उर्दू पुस्तक मुलांनी हातात घेतलं, अडखळत दोन ओळी वाचल्या आणि ठेवून दिलं. मला वाटलं गोष्टच आवडली नाही. एका मुलाच्या अब्बांनी पाहिल्याबरोबर सांगितलं, "मॅडम, खत बदलो." खत म्हणजे अक्षराचं वळण. नस्तालिकचा फॉन्ट मोफत मिळतो, तो टाकून पुन्हा छापलं तर तीच मुलं घडाघड वाचायला लागली. दुसरी चूक सांगायला लाज वाटते. वीस प्रती छापल्या, घड्या घातल्या, टाचण्या मारल्या, आणि सगळ्या डाव्या बाजूला! उर्दू पुस्तक उजवीकडे बांधतात. मुलं गोष्ट शेवटाकडून सुरू करत होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. सगळ्या टाचण्या उचकटायला मोठी मुलं बसली, तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की इतकी वर्षं 'उलटं पुस्तक' हा शब्द मी किती सहज वापरत होते.

आता आवाजाबद्दल, कारण माझ्या मते पैसा सगळ्यात जास्त इथे वसूल होतो. ज्या भाषा बोलल्या जातात पण लिहिल्या फार जात नाहीत, त्यांचं ग्रंथालय आधी कानाचं असतं. आम्ही मावशींच्या आवाजात पुस्तक रेकॉर्ड केलं. खोलीत आवाज घुमत होता म्हणून खिडकीला गोधड्या लावल्या आणि पंखा बंद केला, घामाने सगळे निथळले. पुस्तकाच्या मागच्या पानावर क्यूआर कोड छापला आणि खूश झाले. मग कळलं की मुलींच्या घरी तो कोड वाचणारा फोनही नाही आणि नेटही नाही. बटणाचे फोन आहेत, त्यात मेमरी कार्ड आहेत, गाणी भरलेली. मग दिवाळीच्या सुट्टीत मुली घरी जाताना आम्ही कार्डांवर गोष्टी भरून दिल्या. सुट्टीनंतर एक कार्ड परत आलं, त्यात आमच्या गोष्टीशेजारी आणखी एक गोष्ट होती, एका आजीने सांगितलेली. मागे कोंबडा आरवतोय, मध्येच कुणीतरी चहा विचारतंय. ती मी साफबिफ केली नाही. मुलांना तोच कोंबडा सगळ्यात आवडतो.

मात्र समोर माईक आहे म्हणून सगळंच टिपायचं नसतं. एका गावी मी एका म्हाताऱ्या बाबांना गाणं म्हणायला सांगितलं. त्यांनी दोन ओळी म्हटल्या आणि थांबले. म्हणाले, हे सिडोलीतलं आहे. सिडोली म्हणजे कोरकूंमध्ये मेलेल्या माणसासाठी करायचं कार्य. ते गाणं त्या वेळेलाच म्हणायचं, मशीनमध्ये नाही. मी तिथल्या तिथे त्यांच्यासमोर ते पुसलं आणि पुसलेलं दाखवलं. त्यानंतर त्यांनी होऊन कोल्ह्याची एक गोष्ट सांगितली, ती आमच्याकडे आहे. रेकॉर्ड करण्याआधी विचारा, झाल्यावर ऐकवा, आणि नको म्हटलं तर हुज्जत घालू नका. वसतिगृहातल्या मुलांचे चेहरे नेटवर टाकू नका, देणगीदाराने फोटो मागितला तरी. हातांचे आणि पुस्तकांचे द्या.

समितीतलं कुणीतरी 'सांस्कृतिक दिवस' सुचवेल, याची मी पैज लावते. कोरकू मुलींनी नाचायचं, गोरमाटी मुलींनी आरशांची कांचळी घालून यायचं, मग व्हिडिओ. एकदा केलं आम्ही. त्या चौथीतल्या मुलीने मला नंतर विचारलं, "मॅडम, तुम्ही नाही नाचत?" पुन्हा केलं नाही.

मराठी मुलांना विसरू नका, त्यांच्यातही सगळं एकरंगी नसतं. वऱ्हाडी पोरगं 'जाऊन राह्यलो' म्हणालं की त्याला शुद्ध बोलायला लावणारे आपणच. कोरकू पुस्तक झाल्यावर एकाने विचारलं, आमच्या भाषेत काहून नाही? तर तेही केलं. शिवाय बालभारतीने 'किशोर'चे जुने अंक जाळ्यावर मोफत ठेवलेत, 1971 पासूनचे. त्यातली पानं भिंतीवर पाडून आम्ही वाचतो. बालभारतीची उर्दू पाठ्यपुस्तकंही तशीच मिळतात.

मांडणीचं एक सांगते. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठात 2002 साली मुलांसाठी एक आंतरराष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय सुरू झालं. ते घडवताना मुलांनाच सोबत घेतलं होतं, आणि तिथे पुस्तक मुखपृष्ठाच्या रंगावरूनही शोधता यायचं. मुलाला लेखकाचं नाव आठवत नाही, 'ते लाल पुस्तक' आठवतं. मी हे उचललं. आमच्या छापील पुस्तकांना भाषेप्रमाणे वेगळं कपाट नाही. पाठीवर रंगाची पट्टी असते, आणि एकाच गोष्टीच्या मराठी, उर्दू, कोरकू प्रती शेजारी शेजारी ठेवते. वेगळं कपाट केलं की ते 'त्यांचं' कपाट होतं, हे मी आधी करून पाहिलंय.

कागदोपत्री अडचण येईल, तयारी ठेवा. आमचे हिशेब तपासणारे गृहस्थ दाखल-नोंदवही चाळताना थांबले. "ही पुस्तकं कुणाकडून घेतली? बिल कुठाय?" म्हटलं, घरीच केली. किमतीच्या रकान्यात काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी कागद आणि शाईचा खर्च भागिले प्रती असा हिशेब मांडून प्रत्येकीला दाखल क्रमांक दिला. क्रमांक द्याच. शिक्का मारलेलं आणि क्रमांक पडलेलं पुस्तक मुलांना खरं वाटतं. मावशींनी आपलं नाव असलेल्या पानावरचा शिक्का दोनदा बोटाने पुसून पाहिला होता.

आणि हो, स्टेपलर लांब दांड्याचा घ्या. साधा स्टेपलर घडीच्या मध्यापर्यंत पोचत नाही. मी दीड वर्ष सुईदोऱ्याने पुस्तकं शिवत होते.