वाचकांचे प्रश्न: कारखान्याची राख, पिवळे दिवे आणि खोटे कॅलिपर

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रं वेगवान सेदानवाल्यांची आहेत. इंजिनाबद्दल त्यात फारसं काही नाही, सगळ्यांना गाडी दिसायला कशी हवी याचीच काळजी. चालायचंच. मीही रविवारी सकाळी आधी माझ्या स्कोडा लॉराभोवती एक फेरी मारतो आणि मग चहा पितो.

प्रश्न : मी 2017 ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस 230 सेकंडहँड घेतली आहे, रंग रेस ब्लू. उन्हात उभी केली की बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे दिसतात. डिटेलिंगवाला म्हणतो, 35,000 रुपयांत सिरॅमिक कोटिंग करा, सगळं जाईल. करू का? (वाचक, इस्लामपूर)

भारतात या गाड्या मोजक्याच आल्या, त्यातली एक तुमच्या दारात आहे. तेव्हा आधी तिचं पिवळं फडकं काढून घ्या. तुम्ही पत्रात सहज लिहून गेलात की सोसायटीचा पोरगा रोज सकाळी गाडी ‘कोरडी पुसून’ देतो. तुमचं जाळं त्यानंच विणलंय.

तुम्ही उसाच्या पट्ट्यात राहता. गळीत हंगाम सुरू झाला की सकाळी गाडीवर काळी भुकटी पडलेली असते, ती कारखान्यात जळणाऱ्या उसाच्या चोथ्याची, म्हणजे बगॅसची राख. या राखेत सिलिका भरपूर असते, म्हणजे ती बारीक वाळूच समजा. तिच्यावरून कोरडं फडकं गोल गोल फिरवणं म्हणजे रोज सकाळी वॉटर पेपर मारणं. रंगावरच्या पारदर्शक थराची, म्हणजे क्लिअर कोटची, जाडी साधारण 40-50 मायक्रॉन, डोक्याच्या केसाहूनही कमी. त्यातून रोज थोडं थोडं जातंय.

त्या पोराला पगार चालू ठेवा, काम बदलून द्या. आधी नुसतं पाणी मारायचं, राख वाहून जाऊ द्यायची. मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, साध्या पाण्यात खळबळून पुन्हा शाम्पूत. छतापासून खाली यायचं, हात सरळ रेषेत, गोल नाही. चाकांचं फडकं वेगळं, ते चुकूनही बॉनेटवर येता कामा नये. आणि सगळं सावलीत. बोअरचं पाणी असेल तर लगेच टिपून घ्या, नाहीतर क्षारांचे पांढरे गोल बसतात आणि ते ओरखड्यांपेक्षा चिवट असतात.

धुऊन झाल्यावर हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून बॉनेटवरून हात फिरवा. एरवी गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून खरखरीत लागला तर क्ले बार, म्हणजे रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा चिकणमातीसारखा गोळा, वापरा, भरपूर पाणी मारून. क्लेचा गोळा जमिनीवर पडला तर तो टाकून द्यायचा, कितीही महाग असो. धुऊन वापरला म्हणून चिकटलेला खडा जात नाही.

राहिले ओरखडे. ते कोटिंगनं जात नाहीत, पॉलिशनं जातात. कोटिंग नुसतंच चढवलं तर जाळी खाली चकाकत राहते. डिटेलिंगवाला आधी पॉलिश करणार असेल तर ते किती टप्प्यांत, आणि पेंटची जाडी मीटरनं मोजून दाखवणार का, एवढंच विचारा. उत्तर देताना तो चाचरला तर गाडी परत घरी. स्वतः करायचं असेल तर ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्या, ज्याची चकती फिरता फिरता डुलतेही; एकाच जागी गरगर फिरणारी रोटरी नको. नवख्या हातात रोटरी कडेचा रंग क्षणात खाते. डिकीच्या झाकणावर मास्किंग टेपनं हातभर चौकोन आखा, सगळ्यात सौम्य पॉलिशनं तेवढाच भाग करा आणि उन्हात नेऊन बघा. तेवढ्यानं भागलं तर कडक कंपाउंडला हातही लावू नका. खोल दोन-चार रेघा राहतील, राहू द्या.

प्रश्न : आमची 2009 ची होंडा सिव्हिक अंगणात आंब्याखाली उभी असते. पुढचे दिवे पिवळट झाले आहेत. टूथपेस्टनं घासले की चकाकतात, पण दोन महिन्यांत पुन्हा तसेच. नवे दिवे फार महाग आहेत हो काका. (वाचिका, चिपळूण)

ताई, तुमच्या टूथपेस्टनं काम चोख केलं, पण अर्धंच. दिव्याची काच म्हणजे पॉलिकार्बोनेट, आणि त्यावर कारखान्यातून एक पातळ यूव्ही थर येतो. उन्हानं तो थर कुजतो आणि पिवळा पडतो. टूथपेस्टनं पिवळेपणा निघाला, पण नवा थर कोण देणार? उघड्या प्लॅस्टिकला ऊन लागलं की दोन महिन्यांत पहिले पाढे पंचावन्न.

आधी माझी चूक सांगतो. 2019 साली माझ्या 2012 च्या लॉरा आरएसवर मी हेच काम केलं. वर्कशॉप शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस, मास्किंग टेपचा एकच पदर लावला. 800 नंबरचा पेपर टेप फाडून बंपरच्या कडेवर गेला आणि रुपयाएवढा रंग उडाला, खालचं प्रायमर दिसायला लागलं. मुलीनं त्यावर फुलपाखराचा स्टिकर लावला. तो अजून आहे. तुम्ही टेपचे तीन पदर लावा.

दिवा धुऊन घ्या. 800 नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवा आणि आडव्या दिशेनं घासा, पाणी सोडत राहा. सुरुवातीला पिवळं, ताकासारखं पाणी ओघळेल. ते पांढरं व्हायला लागलं की जुना थर निघाला. आता दिवा इतका धुरकट दिसेल की रडू येईल. घाबरू नका, असाच दिसायला हवा. मग 1500 नंबर उभ्या दिशेनं, आडव्या रेघा दिसेनाशा होईपर्यंत. मग 2000, मग 3000. दिशा दर वेळी बदलायची, म्हणजे मागच्या पेपरची रेघ राहिली तर लगेच कळते. शेवटी कंपाउंड. एका दिव्याला तास-दीड तास धरा.

आता खरं काम. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून घ्या आणि हेडलाइटसाठी मिळणारा टू-के (हार्डनर मिसळून घट्ट होणारा) यूव्ही क्लिअर स्प्रे मारा. दोन हलके हात, मध्ये दहा मिनिटं. एकदम जाड मारलात तर ओघळ येतो. या स्प्रेची वाफ छातीला वाईट, तेव्हा रंगाऱ्याचा फिल्टरवाला मास्क हवाच, नाकाला रुमाल बांधून चालणार नाही. पावसाळ्यात चिपळूणच्या दमट हवेत हे करू नका, थर दुधाळ होतो. दिवाळीनंतरचा कोरडा दिवस बघा. आणि गाडीचं तोंड आंब्याच्या बुंध्याकडे करून ठेवत जा, पक्षी काय करायचं ते डिकीवर करतील.

प्रश्न : काका, बाबांची फोक्सवॅगन व्हर्टस जीटी आहे. पुढचे कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क आवळणारे चिमटे, लाल आहेत, मागे ड्रम ब्रेक असल्यामुळे अगदीच कसंतरी दिसतं. ऑनलाइन लाल कॅलिपर कव्हर मिळतात, ते ड्रमवर चिकटवू का? शिवाय मित्राच्या ऑक्टाव्हियाची 17 इंची अलॉय स्वस्तात मिळतायत. (इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, सातारा)

ड्रमवर कॅलिपर! अरे, ड्रम चाकाबरोबर फिरतो. तुझा खोटा कॅलिपरही त्याच्याबरोबर गरागरा फिरेल आणि सिग्नलला कधी वर, कधी खाली थांबेल. आख्खा राजवाडा चौक हसेल. घाटात ड्रम तापला की गोंद सुटणार, ते वेगळंच. ड्रम बरा दिसायला हवा ना? चाक काढ, तारेच्या ब्रशनं गंज काढ, बाहेरच्या बाजूला हाय-टेंपरेचर काळा रंग मार. चाक जिथं टेकतं त्या सपाट तोंडावर रंग नको. काळा ड्रम अलॉयमागे दिसतच नाही, आणि तेच आपल्याला हवंय.

चाकं विसर. ऑक्टाव्हियाचे बोल्ट 5x112 वर, म्हणजे पाच बोल्ट 112 मिमीच्या वर्तुळावर, तुझ्या गाडीचे 5x100 वर. बसणारच नाहीत. अ‍ॅडॉप्टर लावून बसवतो असं कुणी म्हणालं तर त्याला नमस्कार कर. 17 च हवी असतील तर 5x100 ची, मधलं भोक 57.1 मिमीचं, अशी शोध. टायर 205/50 आर17 घेतलास तर व्यास मूळ 205/55 आर16 पेक्षा जेमतेम 5 मिमीनं वाढतो, स्पीडोमीटर फसत नाही. बोल्ट टॉर्क रेंचनं 120 न्यूटन-मीटर, चांदणीसारखे एकाआड एक. पाईप लावून त्यावर उभं राहायचं नाही. आणि हे सगळं बाबांना विचारून, कारण गाडी त्यांची आहे.

प्रश्न : माझ्या लाल गाडीला पूर्ण मॅट काळा रॅप (रंगावर चिकटवायची फिल्म) करायचा विचार आहे. काही अडचण? (वाचक, कोल्हापूर)

आरसी बुकात लाल आणि रस्त्यावर काळी, ही अडचण. रंग बदलला की आरटीओत नोंद करावी लागते. शिवाय मॅटवर आपली राख आणि लाल धूळ कशी दिसते ते उद्यमनगरात एक चक्कर मारून बघा. छत आणि आरसे तेवढे काळे करा, भागेल.

प्रश्न : टर्बो गाडीचं इंजिन ऑइल घरी बदलावं का? (वाचक, कराड)

वॉरंटी संपली असेल तर खुशाल. माझ्या लॉराच्या 1.8 टीएसआय टर्बो इंजिनाला फोक्सवॅगनच्या 502 00 मान्यतेचं सुमारे 4.6 लिटर लागतं. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये बघा, दुकानदाराला विचारू नका. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही, दोन स्टँड हवेतच. ड्रेन प्लगचा वॉशर दर वेळी नवा. जुनं तेल डब्यात भरून रिसायकलवाल्याकडे द्या. वाळवीसाठी म्हणून शेजारी मागायला येतील, त्यांनाही देऊ नका, ते शेवटी विहिरीतच उतरतं. काम झालं की गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवा आणि सकाळी बघा. डाग नसेल तर कामाला निघा.