पुणे ते सासवड, एक दिवस

प्रश्न : ताई, मी कोथरूडला राहते, वय ५२. यंदा माउलींच्या पालखीबरोबर सासवडपर्यंत चालायचं म्हणतेय. नवे बूट आणलेत. झेपेल का?

उत्तर : झेपेल, पण ते नवे बूट घरीच राहू द्या! माझी पहिल्या वेळी हडपसरलाच टाच सोलली. पुढे बूट हातात आणि पायात नुसते मोजे. टप्पा मोठा आहे, तीसेक किलोमीटर. हडपसरला तुकोबांची पालखी लोणी काळभोरकडे जाते, माउलींची दिवे घाटाकडे. टाळांच्या नादात चुकीच्या दिंडीमागे जाऊ नका. (मी गेले होते, अर्धा तास.) वडकीला सावली बघून पाय पसरा, मग घाट. तिथे रथाला जादा बैलजोड्या लावतात. ते बघायला थांबलं की दमही खाऊन होतो, आणि कुणाला सांगावं लागत नाही.

त्या दिवशी बहुतेक एकादशी असते. डब्यात पोळीभाजी नेलीत तर शेजारची आजी डोळे वटारते. शेंगदाण्याचे लाडू, केळी न्या. खिचडी वाटेत कुणीतरी हातावर ठेवतंच. सासवडला कऱ्हेकाठी सोपानदेवांचं दर्शन घ्या. परतीच्या एसटीला मात्र उभंच राहावं लागेल.