गोळ्या कुणी आणल्या?

ताई,
मी २७ वर्षांची. कराडजवळच्या एका गावात राहते. मुलगा दीड वर्षाचा आहे, अजून रात्री अंगावर पितो. गेल्या महिन्यापासून पतसंस्थेत पुन्हा कामाला जाऊ लागले. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात आमचा काही न वापरता एकदा संबंध आला. माझी पाळी एरवी अगदी वेळेवर असते आणि तारीख नेमकी गौरी आवाहनाच्या दिवशी होती. म्हणून ती पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या. सासूबाईंनी सुचवलं, ह्यांनीच आणून दिल्या. गौरी विसर्जनाला गोळ्या बंद केल्या, त्याला आज तेरा दिवस झाले. पाळी नाही. पपई खाल्ली, तीळ-गूळ खाल्ला. टेस्ट करायची तर किट कोण आणणार? गावात मेडिकल एकच, तेही ह्यांच्या शाळासोबत्याचं, ह्यांना लाज वाटते. मी गेले तर गावभर होईल. हे स्वभावाने साधे, सासूबाई मायेच्या, दोघांचाही दोष नाही. पण मला झोप नाही. दिवस गेले असतील तर नोकरीचं काय? सासूबाईंना कसं सांगू?

अगं,
‘ह्यांनीच आणून दिल्या.’ हे तीन शब्द लिहून तू लगेच पुढे गेलीस. मी तिथेच अडले आहे.

गावात मेडिकल एकच. म्हणजे त्या गोळ्याही त्याच मित्राच्या दुकानातल्या. त्याच काउंटरसमोर उभं राहून तुझ्या नवऱ्याने बायकोची पाळी लांबवायची आहे, किती दिवस लांबवायची आहे, हे सांगितलं, पैसे दिले आणि पाकीट घरी आणलं. तेव्हा मित्राची लाज वाटली नाही, कारण गौरींचं सोवळं अडलं होतं. आता तुझी झोप उडाली आहे, तर शंभर रुपयांच्या आतलं किट मागताना त्याची जीभ उचलत नाही. याला तू साधेपणा म्हणतेस. मी म्हणणार नाही. घराची सोय बघायची तेव्हा त्याला तुझ्या पाळीबद्दल बोलता येतं, तुझ्यासाठी बोलायची वेळ आली की येत नाही, आणि तू ते निमूट चालवून घेते आहेस. मला याचा राग आला आहे, तो लपवत नाही.

सासूबाई मायेच्या असतील. पण पुरणाच्या स्वयंपाकाला तुझे हात हवे होते म्हणून त्यांनी गोळ्या सुचवल्या, आणि देण्याआधी डॉक्टरांना विचारू या असं घरात एकालाही वाटलं नाही. पाळी पुढे ढकलायला जे औषध सहसा देतात ते नॉरएथिस्टेरॉन. ते हार्मोन आहे. रक्ताच्या गुठळ्या होण्याचा त्रास असलेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या बाईने ते घ्यायचं नसतं. बाळ अंगावर पीत असेल तर डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. भाद्रपद आला की या गोळ्या घरोघरी साखरफुटाण्यांसारख्या वाटल्या जातात. पाळी आलेली बाई गौरींपुढे चालत नाही, हे मला मुळातच मान्य नाही. पण तो वाद आज नको. आज तुला उत्तर हवं आहे.

या गोळ्या तारखेच्या तीनेक दिवस आधी सुरू करतात. त्या चालू असेपर्यंत गर्भाशयाचं अस्तर टिकून राहतं आणि बंद केल्या की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. कुणाला थोडे जास्त दिवस लागतात. गर्भ राहू नये म्हणून घ्यायच्या गोळ्या या नव्हेत, आणि तुमचा संबंध तर त्या सुरू होण्याच्या आधीचा. त्यामुळे ‘गोळ्यांनीच लांबली असेल’ असं सांगून मी तुझी समजूत घालणार नाही. जागरण, काळजी, थायरॉईड, यांनीही पाळी मागेपुढे होते हे खरं. त्याचा विचार टेस्टनंतर. पपई आणि तीळ-गूळ मात्र बंद कर. त्याने पाळी येत नाही, दिवस तेवढे जातात. गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात. तू सांगितलेल्या तारखांवरून, दिवस गेले असतील तर आज साधारण सहा आठवडे झाले.

म्हणून आज एकच कर. संध्याकाळी तो कामावरून आला की चपला काढायच्या आधीच सांग, ‘ज्या दुकानातून गोळ्या आणल्यात, तिथूनच प्रेग्नन्सी टेस्टचं किट घेऊन या.’ एवढंच. रडू नकोस, आर्जवं करू नकोस, कारणं देत बसू नकोस. बहिणीला सांगू नकोस, स्वतः कराडला जाऊन ओढणीत लपवून आणू नकोस. आशाताईंकडे ‘निश्चय’ नावाचं सरकारी किट मोफत मिळतं हे मला ठाऊक आहे. तो नाहीच गेला तर उद्या सकाळी त्यांच्याकडे जा, टेस्ट थांबवू नकोस. पण आधी त्याला सांग, कारण ही काळजी दोघांची आहे आणि आत्ता ती तू एकटी वाहते आहेस.

सकाळी उठल्यावरची पहिली लघवी स्वच्छ, कोरड्या वाटीत घे. पाकिटावर सांगितले असतील तेवढेच थेंब ड्रॉपरने टाक. पाच मिनिटं थांब. मोबाईलवर वेळ लावून त्याला न्हाणीघराच्या दाराशी उभा कर, दोघांनी मिळून बघा. किटवर ‘सी’ (C) आणि ‘टी’ (T) अशी अक्षरं असतात. ‘सी’पाशी रेघ आलीच पाहिजे, नाही आली तर किट खराब. ‘सी’ आणि ‘टी’ दोन्हीकडे रेघ आली, ‘टी’ची कितीही पुसट असली, तरी दिवस गेले आहेत असंच धर. अर्ध्या तासाने उमटलेली रेघ मोजायची नाही. त्या संबंधाला तीन आठवडे उलटून गेले असतील आणि त्यानंतर काही न वापरता संबंध आला नसेल, तर ‘सी’पाशीच आलेल्या एका रेघेवर, म्हणजे दिवस गेलेले नाहीत यावर, विश्वास ठेव.

दोन रेघा आल्या तर? नोकरीचं काय आणि सासूबाईंना कसं सांगू, एवढंच तू विचारलंस. हे मूल तुला हवं आहे का, हे पत्रात कुठेच नाही. ते आधी स्वतःला विचार. हवं असेल तर डॉक्टरांना पहिल्याच भेटीत त्या गोळ्यांचं सांग, नाव आणि दिवस दोन्ही. नको असेल तर १९७१ चा गर्भपाताचा कायदा आहे. त्यात सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही. २०२१ च्या दुरुस्तीनंतर तुझं नाव बाहेर फोडणाऱ्याला शिक्षाही आहे. नऊ आठवड्यांपर्यंत गोळ्यांनी गर्भपात होऊ शकतो, मात्र मान्यताप्राप्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मेडिकलमधून परस्पर आणलेल्या गोळ्या अजिबात घ्यायच्या नाहीत. तुझ्या नवऱ्याला परस्पर गोळ्या आणायची सवय आहे म्हणून हे बजावते आहे. आणि ओटीपोटात एका बाजूला जोराने दुखू लागलं किंवा चक्कर आली तर कुणाची वाट न बघता मोठ्या दवाखान्यात जा.

सासूबाईंना सांगायचं ते तुम्हा दोघांचं ठरल्यावर, आणि तेही त्याने सांगायचं. आई त्याची आहे.

एकच रेघ आली तरी या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाच. पाळी का आली नाही ते बघू दे आणि पुढे काय वापरायचं ते ठरव. तांबी आणि अंतरा इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मोफत मिळतं. ते ठरेपर्यंत निरोध आणायचं काम त्याचं. डॉक्टरांकडे दोघांनी जायचं आहे, त्यालाही एक दिवस रजा टाकू दे. मुलाला सासूबाई सांभाळतील.